आधी पडदा वाचा : जुन्या डिस्प्ले कार्डांच्या दुरुस्तीची प्रस्तावना

जुना संगणक सुरू होतो, पंखा फिरतो, हार्ड डिस्क कुरकुरते. पण पडदा काळाच राहतो, किंवा त्यावर भलतेच काही उमटते. दुकानात अशा वेळी निदान एका वाक्यात उरकते : ‘डिस्प्ले गेला, कार्ड बदला.’ आजच्या संगणकाच्या बाबतीत हा सल्ला व्यवहाराला धरून आहे. काही दशकांपूर्वीच्या कार्डाच्या बाबतीत तो चालत नाही, कारण बदलायला तसे दुसरे कार्ड मिळेलच असे नाही, आणि मिळाले तरी तेही तितकेच म्हातारे असते. शिवाय केबलची वाकलेली पिन, कनेक्टरचा तडकलेला टाका, तांदळाच्या दाण्याहून लहान असा एखादा फिल्टर, मेमरीची एक नादुरुस्त चिप आणि खरोखरच मेलेली मुख्य चिप, हे एकमेकांशी काहीही संबंध नसलेले बिघाड त्या एका वाक्यात कोंबलेले असतात. शेवटचा सोडला तर बाकीचे घरच्या टेबलावर, बेताच्या साधनांनी दुरुस्त होऊ शकतात. ही पुस्तिका त्यांच्याविषयी आहे.

ती रामटेकात लिहिली गेली याला थोडा अर्थ आहे. कविकुलगुरू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अँड सायन्स हे अभियांत्रिकी महाविद्यालय इथे १९८५ साली सुरू झाले, तेव्हा आयबीएमचे ईजीए कार्ड येऊन जेमतेम वर्ष झाले होते. १९९७ साली कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ स्थापन झाले, त्याच वर्षी एजीपी खोबणीचे मदरबोर्ड बाजारात आले. पुस्तिकेत ज्या कार्डांचा विचार केला आहे ती बहुतेक या दोन वर्षांच्या दरम्यान किंवा थोडी आगेमागे बनलेली आहेत. वाचक म्हणून डोळ्यांपुढे आहेत ते इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेणारी मुले, जुन्या संगणकांचा नाद असलेले हौशी लोक, आणि माळ्यावरच्या पेटीत अजून एखादा डॉसचा संगणक जपून ठेवलेले गृहस्थ.

कार्डांची ओळख थोडक्यात करून देतो, कारण दुरुस्तीत पुढे तिचाच उपयोग होतो. १९८१ च्या आयबीएम पीसीबरोबर दोन कार्डे आली. एमडीए फक्त अक्षरे दाखवायचे, पण सुबक दाखवायचे : ७२० बाय ३५० ठिपक्यांत ८० स्तंभ आणि २५ ओळी. सीजीए चित्रे दाखवायचे, पण ३२० बाय २०० ठिपक्यांत चारच रंग. १९८४ च्या ईजीएने ६४ रंगांतले १६ एका वेळी दिले. १९८७ साली पीएस/२ संगणकांबरोबर व्हीजीए आले आणि मोठा फरक पडला. आधीची कार्डे मॉनिटरला ‘रंग आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच डिजिटल संकेत ९ पिनांतून पाठवत. व्हीजीएने लाल, हिरव्या व निळ्या रंगांसाठी तीन स्वतंत्र ॲनालॉग संकेत १५ पिनांच्या कनेक्टरमधून पाठवायला सुरुवात केली. प्रत्येक रंगाची पातळी शून्य ते ०.७ व्होल्ट. त्यानंतरची त्सेंगची ईटी ४०००, ट्रायडेंटची ८९०० व ९०००, सिरस लॉजिक, ओक, एस३ ची ट्रायो ६४, सिस ६३२६ ही सगळी कार्डे वेगाने आणि मेमरीने निराळी असली, तरी त्या १५ पिनांच्या तोंडाशी त्यांची भाषा एकच आहे. म्हणून व्हीजीएचे एक कार्ड नीट समजले की पुढची दहा-बारा वर्षे समजतात.

या इतिहासातली एक गोष्ट मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. पीसीची कार्डे इंग्रजी अक्षरांच्या मापाने घडवलेली होती. अक्षरासाठी ठरावीक खाना, आणि खान्यात बसणारी २५६ चिन्हे. १९८२ साली आलेल्या हर्क्युलिस कार्डाचा जन्म या अडचणीतून झाला. व्हॅन सुवन्नुकुल या थाई विद्यार्थ्याला आपला प्रबंध थाई लिपीत पीसीवर लिहायचा होता, आणि एमडीएच्या सुबक पडद्यावर ती लिपी उमटत नव्हती. त्याने ७२० बाय ३४८ ठिपके एकेक करून उजळता येतील असे कार्ड बनवले आणि ते जगभर खपले. आपल्याकडे तीच अडचण देवनागरीची होती. जोडाक्षरे, वेलांट्या, रफार हे काही २५६ चिन्हांच्या चौकटीत मावणारे प्रकरण नव्हे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने पुढे नेलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान हे त्यावरचे उत्तर होते. मोहन तांबे हे त्यामागचे प्रमुख नाव. संगणकाच्या खोबणीत जिस्ट कार्ड बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसच्या प्रोग्रॅममध्येही मराठी टंकता आणि पाहता येई. त्यासाठीची इस्की ही संकेतप्रणाली १९९१ साली भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली. तिच्या खालच्या अर्ध्या भागात इंग्रजीचा आस्की संकेत जसाच्या तसा आणि वरच्या अर्ध्या भागात भारतीय लिप्या, अशी तिची रचना.

म्हणजे जुने डिस्प्ले कार्ड हा केवळ खेळांच्या हौसेचा विषय नाही. मराठीतला बराच मजकूर पडद्यावर पहिल्यांदा उमटला तो अशा कार्डांच्या आधाराने, आणि त्या काळच्या फ्लॉप्यांवर तो अजून कुठे कुठे पडून आहे. तो जसा लिहिला गेला तसा पाहायचा, तर त्या काळचा संगणक चालू हवा. आणि चालू संगणकाचा पहिला पुरावा म्हणजे पडदा.

आता पुस्तिकेचे मुख्य सांगणे. दुरुस्ती शिकणाऱ्याचा हात आधी सोल्डरिंग आयर्नकडे जातो. तो थांबवावा आणि पडदा वाचावा. रामटेकच्या गडावरच्या लक्ष्मण मंदिरात यादवराजा रामचंद्राच्या काळातला शिलालेख आहे. त्यातली अक्षरे जागोजागी झिजलेली आहेत, तरी वा. वि. मिराशी यांच्यासारख्या विद्वानांनी तो वाचला. उरलेली अक्षरे आणि वृत्ताची मात्रा यांवरून गेलेल्या अक्षरांचा अदमास घेता येतो. बिघडलेल्या पडद्याचेही तसेच आहे. जे दिसते आहे त्यावरून काय शाबूत आहे हे ठरते, आणि जे शाबूत आहे ते वगळत गेले की दोषाची जागा उरते. साफ काळ्या पडद्यापेक्षा वेडेवाकडे चित्र केव्हाही बरे, कारण त्यात पुरावा असतो.

सोप्या बिघाडापासून सुरुवात करू. पांढरे अक्षर निळसर-हिरवे दिसत असेल तर लाल रंग गेला आहे. गुलाबी-जांभळे दिसत असेल तर हिरवा, पिवळे दिसत असेल तर निळा. चित्र जागेवर स्थिर आहे, म्हणजे मेमरी, मुख्य चिप आणि चित्र जागेवर धरणारे दोन्ही सिंक संकेत ठीक आहेत; शोध एका तारेपुरता उरतो. आधी दुसरी केबल लावून पाहावी. केबलच्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या पिनेवर अनुक्रमे लाल, हिरवा, निळा असतो आणि एक पिन वाकली की तो रंग जातो. केबल निर्दोष ठरली तर संगणक बंद करून, मॉनिटर काढून, मल्टीमीटरने कार्डाच्या या तीन पिना आणि त्यांच्या परतीच्या सहा, सात, आठ या पिना यांमधला रोध मोजावा. बहुतेक कार्डांवर तो ७५ ओहमच्या आसपास येतो, कारण प्रत्येक रंगाच्या वाटेवर जमिनीकडे जाणारा तेवढा रोधक बसवलेला असतो. काही कार्डांवर १५० ओहमही आढळतो. आकडा किती आला यापेक्षा तिन्ही आकडे सारखे आहेत का, हे महत्त्वाचे. तीन वाटा एकाच नमुन्याच्या असतात, त्यामुळे दोन निरोगी वाटा तिसरीसाठी आपोआप नमुना ठरतात. आराखडा हाताशी नसलेल्या कार्डाच्या दुरुस्तीत याहून मोठी मदत दुसरी नाही.

मल्टीमीटर आणि पडदा यांचे एकत्र वाचन का हवे, तेही इथेच कळते. समजा लाल पिनेवर रोध अनंत दाखवला. याची कारणे दोन असू शकतात. पिनेच्या मागे संकेत गाळण्यासाठी बसवलेला फेराइटचा मणी तुटला असेल, किंवा ७५ ओहमचा रोधकच सुटला असेल. मीटर दोघांत फरक करत नाही, पडदा करतो. मणी तुटला तर लाल रंग पडद्यावर पोचतच नाही. रोधक सुटला तर लाल रंग जातो कुठला, तो उलट दुप्पट भडक होतो, कारण चिपमधून येणारा प्रवाह तोच राहतो आणि त्याच्यापुढचा रोध, कार्डाचा व मॉनिटरचा असे दोन रोधक मिळून होणाऱ्या ३७.५ ऐवजी, एकट्या मॉनिटरचा ७५ ओहम होतो. पहिल्या पडद्यावर मणी बदलायचा, दुसऱ्यावर रोधक. रोध शून्याजवळ आला तर जमिनीशी शॉर्ट झालेला कपॅसिटर किंवा संरक्षक डायोड शोधायचा.

मॉनिटर ‘नो सिग्नल’ म्हणत असेल तर प्रश्न रंगांचा नसून सिंकचा आहे. तेराव्या पिनेवर आडवा आणि चौदाव्या पिनेवर उभा सिंक असतो. डॉसच्या अक्षरपडद्यात आडवा सिंक सेकंदाला सुमारे ३१,४६९ वेळा आणि उभा सुमारे ७० वेळा येतो. ऑसिलोस्कोप असेल तर उत्तमच. नसेल तर हर्ट्झ मोजणारा साधा मल्टीमीटरही हे आकडे दाखवतो. मात्र व्होल्ट मोजून निकाल देणाऱ्याने सावध असावे. या पडद्यात आडवा सिंक बहुतेक वेळ वरच्या पातळीवर असतो आणि क्षणभर खाली येतो, तर उभा सिंक याच्या उलट, बहुतेक वेळ खाली असतो. म्हणून तेराव्या पिनेवर तीन-चार व्होल्ट आणि चौदाव्या पिनेवर जवळपास शून्य हे निरोगी कार्डाचे लक्षण आहे. ते शून्य पाहून चांगली चिप काढून टाकणारे लोक आहेत. दोन्ही सिंक खरोखर नसतील आणि संगणक एक लांब व दोन आखूड बीप देत असेल, तर कार्ड सुरूच झालेले नाही. तिथे खोबणीत बसणारे सोनेरी पट्टे, पाच व्होल्टचा पुरवठा आणि कार्डाचा बायोस यांच्याकडे वळावे.

सिंक आहे, मॉनिटर जागा आहे, पण चित्र पूर्ण काळे, असाही एक प्रकार आहे. तो मुख्यतः आकड्यांचे रंगात रूपांतर करणाऱ्या रॅमडॅक चिपशी निगडित. जुन्या कार्डांवर ही चिप वेगळी बसवलेली असते आणि तिला ठरावीक प्रवाहाचा संदर्भ लागतो. तो पुरवणारा एखादा रोधक किंवा तीन पायांचा घटक गेला की तिन्ही रंग एकदम मावळतात. तिन्ही एकदम जाणे हाच पुरावा : तीन वेगळे मणी एकाच दिवशी तुटत नसतात.

सगळ्यांत रंजक वाचन मेमरीच्या बिघाडाचे. व्हीजीएच्या अक्षरपडद्यात मेमरीचे थर असतात. पहिल्यात अक्षराचा संकेतांक, दुसऱ्यात त्याचा रंग, तिसऱ्यात अक्षराचा आकार. म्हणून चूक कशात आहे ते पाहिले की थर कळतो. अक्षरे बरोबर पण रंग भलते, तर दुसरा थर. अक्षरे ओळखू येतात पण प्रत्येकात तोच एक उभा ठिपक्यांचा पट्टा कमी किंवा जास्त, तर तिसरा. अक्षरच बदललेले, तर पहिला. त्यातही आस्कीचा तक्ता हाताशी ठेवला तर नेमकी बिटही सापडते. रिकाम्या जागेचा संकेतांक ३२. सगळ्यांत खालची बिट कायम चालू राहिली तर तो ३३ होतो आणि रिकामा पडदा उद्गारचिन्हांनी भरतो. तिच्या शेजारची बिट अडकली तर ३४, म्हणजे सगळीकडे अवतरणचिन्हे. ३२ किमतीची बिट कायम बंद राहिली तर इंग्रजीची लहान अक्षरे मोठी दिसू लागतात. बिट कळली की ती ज्या मेमरी चिपमध्ये आहे तिथपर्यंत पोचणे हे रेषा जुळवण्याचे काम. मात्र चिपवर हात टाकण्याआधी मजकूर वर सरकवून पाहावा. चूक मजकुराबरोबर सरकली तर ती लिहिताना झाली आहे, आणि खोबणीतला मळका संपर्कही तिचे कारण असू शकतो. चूक पडद्यावर एकाच जागी राहिली तर मेमरीची ती जागाच बिघडली आहे.

दुरुस्तीची कृती पुस्तिकेत सविस्तर आहे. इथे विदर्भापुरते काही सांगतो, कारण कार्डांचे म्हातारपण हवामानावर अवलंबून असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि डिसेंबरातल्या रात्री चांगल्याच थंड असतात. या तापण्या-निवण्यात सॉकेटमध्ये बसवलेल्या चिपा हळूहळू वर सरकतात. अनेक ‘मेलेली’ कार्डे प्रत्येक चिप अंगठ्याने नीट दाबून बसवल्यावर उठून बसतात. दुसरे कारण कूलर. उन्हाळ्यात घरातली सगळ्यांत थंड जागा कूलरसमोरची, म्हणून संगणकही तिथेच मांडलेला. ओल्या वाळ्यातून आलेली दमट हवा आणि तिच्याबरोबरची धूळ वर्षानुवर्षे कार्डाच्या पट्ट्यांवर बसते. पट्टे आधी साध्या खोडरबराने हलक्या हाताने पुसावेत, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. सँडपेपर लावू नये. सोन्याचा थर अतिशय पातळ असतो. हवा कोरडी असते त्या दिवसांत अंगातली स्थिर वीज चिपांना मारक ठरते, तेव्हा मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधल्याशिवाय कार्ड हातात घेऊ नये.

कनेक्टरचे टाके हा वेगळा विषय. मॉनिटर सरकवताना ओढ बसते ती केबलला, आणि केबलची ओढ येते कार्डाच्या १५ टाक्यांवर. भिंगातून पाहिल्यास टाक्याभोवती बारीक गोल भेग दिसते. या काळातल्या कार्डांवर शिसेमिश्रित सोल्डर आहे, ते साधारण १८३ अंशांना वितळते आणि नवशिक्यालाही वश होते. टाका गरम करावा, थोडे फ्लक्स आणि नवे सोल्डर द्यावे, एवढेच. खिडकी उघडी ठेवावी आणि काम झाल्यावर हात धुवावेत. मणी, रोधक, कपॅसिटर हे सुटे भाग नागपुरात सीताबर्डीच्या दुकानांत मिळतात आणि त्यांची किंमत रामटेकहून तिथे जाण्याच्या बसभाड्याहून कमी असते. कार्ड भट्टीत भाजून ‘जिवंत’ करण्याची जी युक्ती सांगितली जाते, ती या पुस्तिकेत नाही. एका रंगाचा मणी तुटला असताना सगळे कार्ड भाजण्यात शहाणपण नाही. त्यात कनेक्टरचे प्लॅस्टिक आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मात्र नक्की खराब होतात.

दोन गोष्टी जाणूनबुजून बाहेर ठेवल्या आहेत. पहिली, मॉनिटरच्या आतली दुरुस्ती. पिक्चर ट्यूबच्या रंगीत मॉनिटरमध्ये २० हजारांहून जास्त व्होल्ट असतात आणि वीज बंद केल्यावरही भार शिल्लक राहतो. ते काम पुस्तक वाचून करायचे नाही. दुसरी, ९ पिनांची कार्डे भलत्या मॉनिटरला जोडून पाहण्याचे प्रयोग. सीजीए आणि एमडीए यांचा कनेक्टर दिसायला एकच, पण एकाचा आडवा सिंक सेकंदाला सुमारे १५,७०० वेळा आणि दुसऱ्याचा १८,४३२ वेळा येतो. चुकीची जोडणी केल्यास आयबीएमच्या मूळ एकरंगी मॉनिटरचे नुकसान होऊ शकते.

जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या एमुलेटर प्रोग्रॅमवर सगळे चालते, मग हा खटाटोप कशाला, असा प्रश्न येईल. खेळ आणि प्रोग्रॅम बऱ्याच अंशी चालतात, हे खरे. पण एमुलेटरमध्ये मणी तुटत नाही, टाका तडकत नाही आणि ७५ ओहम मोजता येत नाहीत. संकेत जन्मतो कुठे, कुठल्या वाटेने जातो आणि वाटेत कुठे अडतो, हे डोळ्यांनी पाहून शिकता येईल अशी यंत्रे आता थोडी राहिली आहेत. आजच्या कार्डात हा सारा प्रवास एका चिपच्या पोटात होतो आणि तिथे मीटरची सळई पोचत नाही. शिकण्यासाठी जुने कार्ड आजही चांगला गुरू आहे, असे माझे मत आहे.

वाचकाला विनंती एवढीच. बिघडलेल्या पडद्याचा फोटो दुरुस्तीआधी काढून ठेवा. त्याखाली कार्डाचे नाव, मीटरचे आकडे आणि शेवटी सापडलेला दोष मराठीत लिहा. अशा नोंदी पुढच्या माणसाचे कितीतरी श्रम वाचवतात. ज्यांच्याकडे जुने जिस्ट कार्ड किंवा इस्कीतल्या मजकुराच्या फ्लॉप्या असतील, त्यांनी त्या रद्दीबरोबर देऊ नयेत. आधी मजकूर नव्या संगणकावर उतरवून घ्यावा, मग कार्ड एखाद्या महाविद्यालयाला किंवा दुरुस्ती शिकणाऱ्याला द्यावे. आणि जे कार्ड खरोखर संपले असेल ते भंगाराच्या ढिगात जाळायला न देता अधिकृत ई-कचरा संकलकाकडे पोचवावे.